भांड्यांवरचा क्षार: घासू नका, विरघळवा

स्टीलचा पेला धुऊन पालथा घातला, वाळल्यावर पाहिला तर काठाला पांढरी कड. चहाच्या पातेल्याच्या तळाशी करडा खरखरीत थर. नळाच्या तोटीभोवती चुन्यासारखी खपली. जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरपासून चोपडा-अमळनेरपर्यंत, ज्या घरात बोअरचं पाणी येतं तिथल्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही. मी लग्न होऊन तापीकाठी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, "बोरनं पानी खारं शे, भांडं पुसीसन ठेव." माझ्या माहेरी विहिरीचं पाणी गोड होतं, त्यामुळे त्या एवढं का सांगतात ते मला तेव्हा कळलं नाही. डाग दिसले की मी तारेची घासणी घ्यायचे आणि जोर लावायचे. दोन वर्षांत लग्नात आलेली स्टीलची भांडी ओरखड्यांनी पांढरटली आणि क्षार त्या ओरखड्यांतच जास्त घट्ट बसायला लागला.

तेव्हापासून एकच गोष्ट प्रत्येकीला सांगते. हा डाग म्हणजे मळ नाही, दगड आहे. मळ घासून निघतो. दगड घासला तर त्याच्याबरोबर भांडंही झिजतं. तो विरघळवावा लागतो, आणि विरघळवण्याआधी भांडं कशाचं आहे ते बघावं लागतं.

हा दगड येतो कुठून

आपल्या जमिनीखाली काळा पाषाण आहे आणि तापीच्या दोन्ही अंगांना नदीने आणलेल्या गाळाचे जाड थर आहेत. या गाळात आणि काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. नांगरटीत जे पांढरे खडे वर येतात ते हेच. पावसाचं पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि वाटेतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली उतरतं. जितकं खोल आणि जितका काळ ते दगडात राहिलं तितकं बहुधा जड होतं. शाळेत आपण याला दुष्फेन पाणी म्हणायचो, कारण त्यात साबणाला फेस येत नाही.

हेच पाणी चुलीवर तापलं की सगळं उलटं घडतं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन भांड्याला धरतो. त्याचं नाव कॅल्शियम कार्बोनेट. किटलीच्या तळाचा थर, संगमरवर आणि आपल्या घरातली शहाबादी फरशी, तिन्हींचा मुख्य पदार्थ हाच आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ओट्याच्या वेळी त्याची गरज पडणार आहे.

किती बसतो म्हणाल तर हिशेब सोपा आहे. समजा तुमच्या पाण्याच्या एका लिटरमागे उकळल्यावर ३०० मिलीग्रॅम क्षार सुटतो. दिवसाला ४ लिटर पाणी तापवलं तर १.२ ग्रॅम, महिन्याला ३६ ग्रॅम. त्यातला बराचसा पाण्याबरोबर गाळ होऊन निघून जातो, पण अर्धा जरी चिकटला तरी महिन्याला चांगले तीन-चार चमचे दगड भांड्यात उरतो. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० : २०१२ हे भारतीय मानक आहे. त्यात एकूण कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे.

आपलं पाणी किती जड आहे याचा अंदाज घरीच घेता येतो. काचेच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचं अर्धी वाटी पाणी, दुसरीत फिल्टरचं (म्हणजे क्षार काढणाऱ्या आरओ यंत्राचं) किंवा पावसाचं तेवढंच. दोन्हींत अंगाच्या साबणाचा नखाएवढा कीस टाका, झाकण लावून सारखं हलवा. फिल्टरच्या पाण्यात फेस उभा राहील, बोअरचं जड पाणी दुधाळ होऊन वर पांढरा साका तरंगेल. कपड्यांची पावडर वापरू नका, ती जड पाण्यातही फेस देते आणि काही कळत नाही. हातातला टीडीएस मीटर पाण्यातले सगळे विरघळलेले क्षार मोजतो, मिठासकट. कठीणपणाचा नेमका आकडा हवा असेल तर पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं.

आधी डाग ओळखा

प्रत्येक पांढरा डाग क्षाराचा नसतो. संशय असेल तिथे लिंबाचे दोन थेंब टाका आणि मिनिटभर बघा. बारीक बुडबुडे आले की तो क्षार, त्याला आंबट लागतं. बुडबुडे आले नाहीत आणि बोटाला बुळबुळीत लागलं तर तो साबणाचा साका किंवा तेलाचा पापुद्रा, त्याला आधी गरम पाणी आणि भांड्याचा साबण. पिवळट-तांबूस डाग असेल तर पाण्यात लोह आहे. ॲल्युमिनिअमच्या आतला काळा रंग आणि तांब्या-पितळेवरची हिरवी झाक या वेगळ्या गोष्टी आहेत, त्या त्यांच्या जागी सांगते.

आणखी एक. आपल्याकडच्या स्वयंपाकात तेलाचा हात सढळ असतो. शेवभाजी, भरीत, डाळगंडोरी, सगळ्यांची तर्री भांड्याला लागते. हे तेल क्षारावर पातळ पापुद्रा धरतं आणि मग वरून कितीही लिंबू चोळा, आंबट आतपर्यंत पोचतच नाही. अनेकजणी म्हणतात की लिंबाने काही होत नाही. बहुतेक वेळा कारण हेच असतं.

काय लागेल

सगळ्यात कामाचं म्हणजे सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात लिंबूसत किंवा निंबूफूल म्हणून मिळतं, साखरेसारखे पांढरे खडे असतात. वास येत नाही, मोजून घेता येतं आणि भर उन्हाळ्यात लिंबाचा भाव चढलेला असताना परवडतं. व्हिनेगर चालतं, बाजारातल्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ॲसिटिक ॲसिड साधारण ४ टक्के असतं. चिंचेचा कोळ तांब्या-पितळेला उत्तम. आंबट ताक अगदी पातळ थराला रात्रभर ठेवून चालतं. पिळलेल्या लिंबाच्या साली फेकू नका, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. सिंक आणि तोटीला त्या पुरतात.

घासायला नायलॉनची मऊ घासणी, जुना दात घासायचा ब्रश, सुती फडकं. हाताला चिरा असतील तर रबरी हातमोजे घाला, लिंबूसत फार झोंबतं. डोळ्यांत उडालं तर लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवा.

दोन गोष्टी घरात असल्या तरी बाजूला ठेवा. पहिली, संडास साफ करायचं ॲसिड. ते हायड्रोक्लोरिक असतं. क्षार क्षणात काढतं हे खरं, पण स्टीलला बारीक छिद्रं पाडतं, आणि त्या छिद्रांतून पुढे गंज येतो. माझ्या एका नात्यातल्या वहिनींनी सिंक चकचकीत व्हावं म्हणून ते ओतलं होतं. सिंक काळं पडलं ते पुन्हा उजळलं नाही. दुसरी गोष्ट ब्लीचिंग पावडर. कोणत्याही आंबट पदार्थाबरोबर, मग ते व्हिनेगर असो की लिंबूसत, ती कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचे व्हिडिओ सगळीकडे फिरत असतात. फेस दिसतो, पण त्या फेसात आंबट आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं ते जवळजवळ साधं पाणी. सोडा तेलासाठी चांगला आहे, आंबट क्षारासाठी. दोन्ही वापरायचे तर आधी सोडा, मग स्वच्छ पाणी, आणि नंतर आंबट.

सगळ्या भांड्यांना लागू पडणारा क्रम

१. गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने तेल पूर्ण काढा. पाणी भांड्यावर थेंब न धरता सपाट पसरलं की तेल गेलं.

२. अर्धा लिटर कोमट पाण्यात चहाचे दोन सपाट चमचे लिंबूसत विरघळवा. हे साधारण १० ग्रॅम होतं. रोजच्या डागांना एवढं पुरतं.

३. भांडं त्यात बुडवा. बुडत नसेल तर फडकं भिजवून डागावर चिकटवून ठेवा. फडकं वाळू देऊ नका.

४. १५ ते ३० मिनिटं थांबा. ही पायरी सगळ्यांना नकोशी वाटते, पण काम इथेच होतं, हाताने नाही.

५. मऊ घासणी हलकेच फिरवा. उरलं तर जोर लावू नका, ताजं पाणी करून पुन्हा भिजवा.

६. साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. पुसलं नाही तर तुम्ही आत्ता काढलेला क्षार वाळताना पुन्हा बसायला लागतो.

स्टील

वरचा क्रम स्टीलला जसाच्या तसा लागतो. स्टीलवर बारीक रेघा एका दिशेने असतात, घासणी त्याच दिशेने फिरवा. तांब्या-पितळेसाठी केलेलं मीठ-लिंबाचं मिश्रण स्टीलवर ठेवू नका, मिठाने स्टीलला बारीक खड्डे पडतात. त्याच कारणाने पातेल्यात थंड पाण्यातच मीठ टाकून तसंच ठेवण्याची सवय सोडा, पाणी उकळल्यावर मीठ टाका.

चहाच्या पातेल्यावरचा तपकिरी डाग चहाचा आणि क्षाराचा मिळून असतो. जड पाण्याच्या चहावर जो पापुद्रा येतो, तोच वाळून कडेला बसतो. पातेल्यात डाग बुडेल एवढं पाणी आणि एक चमचा लिंबूसत घालून कोमट करा, गॅस बंद करून अर्धा तास ठेवा. क्षार सुटला की रंगही त्याच्याबरोबर सुटतो.

इलेक्ट्रिक किटली आणि पाणी तापवायची भांडी

इथे थोडं थांबून सांगते, कारण इथेच सगळ्यात जाड थर असतो आणि इथेच जास्त चुका होतात. थर जाड झाला की उष्णता पाण्यापर्यंत उशिरा पोचते, वीज जास्त जाते आणि तळातलं कॉईल जास्त तापतं.

किटलीत एक लिटर पाणी घ्या. फिल्टरचं असेल तर उत्तम. पाणी चांगलं गरम होऊ द्या आणि उकळी येण्याआधीच स्विच बंद करून प्लग काढा. आता चार सपाट चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम लिंबूसत हळूहळू टाका. एकदम टाकलं तर फेस उतू येतो. झाकण उघडं ठेवा, वीस-तीस मिनिटं थांबा.

यात खळखळा उकळू नका. लिंबूसत आणि चुना मिळून कॅल्शियम सायट्रेट होतं. ते पाण्यात फार विरघळत नाही, आणि पाणी जितकं गरम तितकं कमी विरघळतं. जाड थरावर लिंबूसत घालून उकळत ठेवलं तर पांढरी पूड पुन्हा तळाशी बसते आणि वाटतं की क्षार गेलाच नाही. म्हणून गरम पाणी, उकळी नाही.

दुसरा हिशेब असा, की एक ग्रॅम क्षाराला साधारण १.३ ग्रॅम लिंबूसत लागतं. म्हणजे २० ग्रॅममध्ये फार तर १५ ग्रॅम क्षार निघेल. वर्षाचा थर एका धुण्यात निघणार नाही. बुडबुडे थांबले की त्या पाण्याचा जोर संपला. ते ओतून द्या, नवं करा. माझ्या जाऊबाईंच्या किटलीला चार वेळा करावं लागलं, पाचव्यांदा तळ दिसला. सुरीने किंवा चमच्याने खरवडू नका.

शेवटी साधं पाणी भरून एकदा उकळून ओता. किटलीचा खालचा भाग आणि प्लगची जागा कधीही पाण्यात बुडवू नका. पुढे दर पंधरा दिवसांनी अर्ध्या लिटरला एक चमचा एवढं केलं तरी पुरतं. रात्री उरलेलं पाणी किटलीत राहू देऊ नका.

पाणी तापवायच्या रॉडलाही हीच रीत. प्लग काढलेला, थंड झालेला रॉड लिंबूसताच्या पाण्यात फक्त क्षार बसलेल्या भागापर्यंत उभा करा.

कुकर

ॲल्युमिनिअमच्या कुकरमध्ये आत काळं पडतं ते क्षारामुळे भासतं, पण तो ॲल्युमिनिअमचाच बदललेला पृष्ठभाग असतो. जड पाणी तापून अल्कधर्मी झालं की तो होतो. उपाय आपल्या आज्यांना माहीत होता. कुकरच्या तळातल्या पाण्यात चिंचेचं बुटूक किंवा पिळलेल्या लिंबाची साल टाका, काळं पडत नाही. आधीच पडलं असेल तर डागाच्या वरपर्यंत पाणी, दोन चमचे लिंबूसत, झाकण न लावता दहा मिनिटं मंद आचेवर. ॲल्युमिनिअमला धुण्याचा सोडा लावू नका, तो त्याला खातो. काळ्या रंगाच्या हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यांना आंबट पाणी जास्त वेळ ठेवू नका, पाच-दहा मिनिटांत धुवा.

शिट्टीकडे मात्र मुद्दाम बघा. डाळीचा फेस आणि क्षार मिळून शिट्टीखालच्या नळीत घट्ट बसतात. झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय का ते दर आठवड्याला तपासा. शिट्टी काढून वीस मिनिटं लिंबूसताच्या पाण्यात ठेवा, नळीत बारीक तार फिरवा. रबराची रिंग आंबट पाण्यात ठेवू नका, ती साबणानेच धुवा.

डाळीचंही एक सांगते. या पाण्यात तुरीची डाळ लवकर मऊ होत नाही, ही तक्रार आमच्याकडे घरोघरी आहे. डाळीच्या कणांना धरून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियममुळे अधिक घट्ट होतं, म्हणून ती दाताखाली येते. वरण-बट्टीचं वरण घोटून एकजीव व्हायला हवं असेल तर डाळ भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी घ्या. गॅसही वाचतो.

तांबं, पितळ आणि कल्हई

देवघरातला तांब्या, पाण्याचा गुंड, पितळी पातेलं. त्यांच्यावर हिरवी झाक आली की चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ चोळा, दोन-तीन मिनिटांत धुवा, पुसून घ्या. पितांबरी असेल तर ती चालते. पितळेवर आंबट जास्त वेळ ठेवलं की पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि तांबूस ठिपके पडतात. म्हणून हे काम करताना फोन आला तरी आधी भांडं धुवा.

तांब्याच्या भांड्याच्या आतला पांढरा थर काढायला लिंबू आतून फिरवा, भरून ठेवू नका. आणि ते लिंबाचं पाणी पिऊ नका, ओतून द्या.

कल्हईच्या भांड्याला घासणी, राख, वाळू काहीच नको. कल्हई म्हणजे कथिलाचा अगदी पातळ थर. क्षार असेल तर कोमट ताक किंवा पातळ लिंबूपाणी, पाच मिनिटं, मऊ फडकं. आतून पिवळं पितळ दिसायला लागलं की त्यात ताक, कढी, चिंच घातलेली आमटी करणं थांबवा आणि आधी कल्हई करून घ्या.

काच

काचेच्या पेल्यांना व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं, पंधरा मिनिटं. मग फिल्टरच्या पाण्याचा एक हात देऊन पुसा. व्हिनेगर लावूनही ढगाळपणा तसाच राहिला, दुसऱ्यांदाही राहिला, तर तो डाग नाही, काचच खरखरीत झाली आहे. कडक घासणीने किंवा तीव्र पावडरीने असं होतं. ती परत नितळ होत नाही. असे पेले मी बडीशेप, ओवा ठेवायला घेते.

तोटी आणि सिंक

तोटीच्या तोंडाशी जाळी असते, ती फिरवून निघते. पाण्याची धार वाकडी यायला लागली की जाळीत क्षार आणि बारीक वाळू अडकलेली असते. काढून व्हिनेगरमध्ये अर्धा तास, मग ब्रश. तोटीला पिशवीत व्हिनेगर भरून रबराने बांधायची युक्ती चांगली आहे, पण वरचा चकचकीत मुलामा पातळ असतो, अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका. मुलामा उडालेला असेल तिथे तर नकोच. तोटीच्या बुडाशी जिथे पाणी साचतं तिथे पिळलेल्या लिंबाची साल दाबून ठेवा. थर जाड पण मऊ झाला की लाकडी दातकोरणीने अलगद उचला.

सिंकला वरचंच लिंबूसताचं पाणी, भिजवलेलं फडकं अंथरून. काम झालं की रात्री सिंक कोरडं पुसणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

ओटा: इथे लिंबू नको

आता ते आधीचं वाक्य आठवा. क्षार आणि शहाबादी फरशी एकाच पदार्थाची. आपल्या जुन्या घरांत ओट्याला कडप्पा, खाली शहाबादी, नव्या घरांत कुठे संगमरवर. हे तिन्ही चुनखडीच्याच कुळातले. लिंबूसताला क्षार कोणता आणि ओटा कोणता हे कळत नाही. लिंबूसत दोन्ही विरघळवतं. कडप्प्यावर लिंबू पिळून ठेवलेली फोड तासाभराने उचलली तर खाली फिकट, खरखरीत गोल दिसतो, तो पुसून जात नाही. मोझॅकच्या फरशीतले तुकडेही बहुधा संगमरवराचेच असतात.

ओटा कशाचा आहे हे माहीत नसेल तर कोपऱ्यात, न दिसेल अशा जागी लिंबाचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर तिथे आंबट पूर्ण बंद. ग्रॅनाइटवर बुडबुडे येत नाहीत, त्यावर सौम्य पाणी चालतं, पण फटींतल्या सिमेंटला ते लागतं म्हणून पटकन पुसा.

मग कडप्प्यावरचा क्षार काढायचा कसा? गरम पाण्यात बुडवलेलं फडकं तासभर ठेवा, थर थोडा सैल होतो. जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाची कड आडवी धरून तो अलगद सोलत जा. मग साबण, पाणी, कोरडं फडकं. एका दिवसात होणार नाही, आठवडाभर रोज थोडं. वाळल्यावर कडप्प्याला खोबरेल तेलाचा अगदी पुसट हात दिला की पाणी दगडात कमी शिरतं आणि पुढचा क्षार कमी बसतो.

भांडी धुताना आंबट पाणी ओट्यावर सांडतं, म्हणून भिजवण्याचं काम टबात करा आणि टब सिंकमध्ये ठेवा.

माठ

आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या आसपास जातो, त्या दिवसांत फ्रिज असला तरी घरोघरी माठ असतोच. माठातलं पाणी मातीच्या छिद्रांतून बाहेर झिरपतं, बाहेर वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. पण वाळतं फक्त पाणी. क्षार बाहेरच्या बाजूला पांढऱ्या भुकटीसारखा उरतो आणि हळूहळू छिद्रं बुजतात. गेल्या वर्षीचा माठ यंदा थंड करत नाही त्याचं कारण हे.

माठाला साबण कधीच लावू नका, मातीत तो मुरतो आणि पाण्याला वास येतो. बाहेरची भुकटी आधी कोरडीच काथ्याने झाडा. मग माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी बाहेरच्या बाजूला पातळ व्हिनेगर, एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी, फडक्याने लावा, दहा मिनिटांत काथ्याने घासून भरपूर पाण्याने धुवा. दोन-तीन पाण्यांत भिजवून ओता आणि एक दिवस उन्हात वाळवा. आत आंबट घालू नका, आत फक्त काथ्या आणि पाणी. एवढं करूनही माठ बाहेरून ओला होत नसेल तर छिद्रं आतपर्यंत बुजली आहेत, तो माठ आता रोपं लावायला.

कुंभाराकडून नवा माठ घेतला की त्यात पहिल्यापासून फिल्टरचं पाणी भरा, तो जास्त वर्षं टिकतो.

लोखंडी तवा आणि मांड्यांचं खापर यांना आंबट काहीच लावायचं नाही. तव्यावर पांढरी झाक आली तर गरम करून तेलाचा हात द्या, आणि धुतल्यावर गॅसवरच कोरडा करा. खापर ओल्या फडक्याने पुसायचं, बस.

पाण्याकडेही बघा

तुरटी फिरवली की पाणी नितळ होतं, पण क्षार जात नाही. तुरटी गाळ खाली बसवते, विरघळलेला चुना तसाच राहतो. उकळून, निवू देऊन वरचं पाणी घेतलं तर उकळल्यावर सुटणारा क्षार कमी होतो. त्यात न सुटणाराही काही असतोच, त्याला आरओसारखा उपाय लागतो.

आरओचं टाकाऊ पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते बादलीत साठवून भांड्यांना वापरतात. पाणी वाचवण्याची इच्छा चांगली आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतो, कारण पिण्याच्या पाण्यातून काढलेला सगळा त्यातच येतो. पहिल्या खरकट्या धुण्याला, फरशीला, संडासात ते वापरा. भांड्यांचा शेवटचा हात मात्र त्याने देऊ नका. कूलरच्या टाकीतही नको, जाळ्या महिन्याभरात दगड होतात.

आमच्या मोरीत आता एक छोटा टब असतो, त्यात दोन लिटर फिल्टरचं पाणी. घासून, बोअरच्या पाण्याने धुऊन झाले की पेले, वाट्या, ताटं त्यात एकदा बुडवून काढायची आणि पुसायची. घरच्या दोन वेळच्या पेल्या-ताटांना तेवढंच पाणी पुरतं, आणि संध्याकाळी ते तुळशीला जातं. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी धरत असाल तर पहिल्या एक-दोन सरींचं सोडून द्या, नंतरचं स्वच्छ टिपाडात धरा. भांड्यांच्या शेवटच्या हाताला त्याच्यासारखं पाणी नाही.